स्नूप डॉगला हॉकीशी काय देणंघेणं? (नव्वदीतल्या जर्स्यांचा धागा)

कॅसेटवाला
बरीच वर्षं डोक्यात असलेला प्रश्न आहे, आज टाकतोच. नव्वदीतले अमेरिकन रॅप व्हिडिओ बघा, गाणाऱ्याच्या अंगावर नसली तर मागच्या घोळक्यात कोणाच्या तरी अंगावर हॉकीची जर्सी दिसतेच दिसते. आपली धनराज पिल्लेवाली हॉकी नव्हे, बर्फावरची. सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे स्नूपचं 'जिन अँड ज्यूस', १९९४. त्यात त्याने पिट्सबर्ग पेंग्विन्सची जर्सी घातलीये आणि शिवाय स्प्रिंगफील्ड इंडियन्सची पण. आता स्नूप लाँग बीचचा, तिथे बर्फ असलाच तर ग्लासात. पिट्सबर्ग देशाच्या पार दुसऱ्या बाजूला. आणि स्प्रिंगफील्ड इंडियन्स तर एनएचएलची, म्हणजे बर्फावरच्या हॉकीच्या मुख्य लीगची टीमसुद्धा नाही, मॅसॅच्युसेट्समधली खालच्या लीगची टीम, त्याच वर्षी ती वुस्टरला हलली आणि जुनं नावही गेलं. म्हणजे तिथल्या गावातल्या लोकांनाही जी टीम टिकवता आली नाही तिची जर्सी कॅलिफोर्नियातला रॅपर घालतोय, आणि तीस वर्षांनी लोक तीच जर्सी शोधत फिरतायत.

हे लोक मॅच बघायचे असं काही ऐकिवात नाही. मग हॉकीच का? बास्केटबॉल होतं की हाताशी, जॉर्डन ऐन भरात होता, त्याची जर्सी घालायची सोडून हे काय?

खवट_खोबरं
ढगळ कपड्यांची फॅशन होती आणि हॉकीची जर्सी ढगळ असते. धागा संपला. पुढचा धागा काढा.

टिचकीबहाद्दर
खोबरं +१ 😄 पण वाचतोय.

ओव्हरलॉक
खोबरं म्हणतायत ते बरोबरच आहे पण अर्धं आहे. गारमेंट लाइनमधे आयुष्य गेलं म्हणून थोडं सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

अमेरिकेतल्या चार मोठ्या खेळांच्या जर्स्या टेबलावर मांडा. बास्केटबॉलची म्हणजे बंडी. बेसबॉलचा म्हणजे पुढून बटणं असलेला शर्ट. त्यांच्या फुटबॉलची जर्सी पॅडवर ताणून बसवलेली, कारण ढिली असली की समोरचा तिलाच धरून पाडणार. राहिली हॉकी. ही एकटीच पूर्ण लांब बाह्यांची, आणि खांद्याचे, कोपराचे, छातीचे पॅड आत मावायला हवेत म्हणून तिचं कटिंगच वेगळं. म्हणजे एक्सएल मागवून ढगळ घातलाय असं नाही, मास्टरने पॅटर्नच तसा काढलेला असतो. पॅड काढून नुसत्या अंगावर घातली की खांद्याची शिवण दंडावर उतरते, बाही बोटांपर्यंत येते, घेर मांडीपर्यंत. माणूस सडपातळ असला तरी दारात उभा राहिला की दार भरतं. स्नूपची अंगकाठी आठवा.

दुसरं म्हणजे मोकळी जागा. छातीवर एक मोठ्ठा लोगो, पाठीवर नाव आणि आकडा, बाह्यांवर परत आकडे, खाली घेराला आणि बाहीला जाड पट्टे. आणि हे सगळं छापलेलं नाही बरं का, चांगल्या जर्सीत ट्विलचे तुकडे एकावर एक ठेवून झिगझॅग शिलाईने बसवतात, नाहीतर भरतकाम. खांदा आणि कोपर दुहेरी कापडाचं. बाकी अंग बारीक भोकांचं पॉलिएस्टर निट, त्यामुळे दिसायला जाड पण आत हवा खेळते. त्या वेळचा टीव्ही आठवा, ते धुरकट चित्र, कंबरेपासून वर दिसणारा माणूस. त्या चौकटीत एवढा ठळक लोगो दुसऱ्या कुठल्या कपड्यावर बसतो? बंडीवर गळ्याखाली वीतभर जागा उरते, त्यातच नाव आणि नंबर दोन्ही.

हिमगंगा
ओव्हरलॉक, खूप छान लिहिलंय. मी टोरांटोला असते, इथे मुलांच्या हॉकीपायी पहाटे रिंकवर जाऊन कुडकुडायची सवय झालीये म्हणून एक भर घालते. खऱ्या जर्सीच्या आत, पाठीकडच्या बाजूला खाली एक पट्टा शिवलेला असतो. नवीन लोकांना वाटतं हँगरला अडकवायचा असेल. तो मारामारीसाठी असतो! हॉकीत दोघं भिडले की समोरच्याची जर्सी मागून ओढून त्याच्या डोक्यावर घ्यायची, हात अडकवायचे आणि मग हाणायचं हा जुना डाव. पट्टा पँटला बांधला की जर्सी वर सरकत नाही. बफेलोचा रॉब रे म्हणून एक दणकट गडी होता, त्याने उलटा डाव शोधला, भांडण लागलं की स्वतःच जर्सीतून बाहेर, म्हणजे समोरच्याला धरायला काही उरतच नाही आणि हा मोकळ्या हाताने मारतोय. शेवटी लीगने नियम केला की पट्टा न बांधता भांडलात तर मैदानाबाहेर. अजून लोक त्याला रॉब रेचा नियम म्हणतात.

रॅपर मंडळींना हे ठाऊक असेल नसेल, पण मारामारीच्या हिशोबाने शिवलेला एवढा एकच खेळाचा कपडा असावा 😀

टिचकीबहाद्दर
बाई गं. आणि आमच्याकडे आई म्हणायची हॉकी सभ्य लोकांचा खेळ.

न्यूजर्सीकर
नेवार्कजवळ राहतो, नव्वदीत कॉलेजला इथेच होतो. एक साधी गोष्ट कोणी बोललं नाही. थंडी. न्यूयॉर्कची थंडी. जाड हूडी घाला, त्यावर हॉकीची जर्सी चढवा, हूडची टोपी मागून बाहेर काढा, झालं. बास्केटबॉलची बंडी जानेवारीत कुठे घालणार, जॅकेटच्या आत घातली तर दिसणार कोणाला. आमच्या कॅंपसवर अर्धी पोरं याच अवतारात, त्यातल्या निम्म्यांना ऑफसाइड म्हणजे काय हेही सांगता आलं नसतं.

आणि १९९४ च्या जूनमधे न्यूयॉर्क रेंजर्सनी ५४ वर्षांनी स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलची ट्रॉफी जिंकली, मार्क मेसिए कप्तान. न्यूयॉर्कमधे त्या उन्हाळ्यात जो तो निळ्या जर्सीत. पुढच्या वर्षी आमचे न्यू जर्सी डेव्हिल्स जिंकले पण त्यांचं कौतुक कोणाला, असो, जुनी जखम आहे. सांगायचा मुद्दा म्हणजे न्यूयॉर्कच्या रॅपचा तो काळ, एप्रिलमधे नॅसचा पहिला अल्बम, सप्टेंबरमधे बिगीचा, आणि मधे हा कप. सगळं एकाच वर्षात, एकाच शहरात.

खवट_खोबरं
कप जिंकला म्हणून जर्स्या खपल्या हे नेहमीचंच झालं. मग स्नूपने रेंजर्स घालायला हवी होती. त्याने जानेवारीतच पेंग्विन्स घातलीये. कॅलिफोर्नियाचं काय ते बोला.

चिंचपोकळी_फास्ट
कॅलिफोर्नियाचं मी सांगतो. हा माझा आवडता विषय आहे, लांबण लागेल.

तिथली हॉकी टीम लॉस एंजलिस किंग्ज, ते आधी जांभळ्या-पिवळ्या कपड्यात खेळायचे, बास्केटबॉलच्या लेकर्ससारखेच, कारण दोन्ही टीमचा मालक सुरुवातीला एकच, जॅक केंट कुक. कोणी ढुंकून बघत नव्हतं. मग ९ ऑगस्ट १९८८ ला नवा मालक ब्रूस मॅकनॉल याने कॅनडातल्या एडमंटनकडून वेन ग्रेट्झ्कीला, हॉकीतल्या सगळ्यात मोठ्या खेळाडूला, उचललं. कॅनडात सुतक. तिथल्या एका खासदाराने तर सरकारने मधे पडून हा सौदा थांबवावा अशी मागणी केली. आणि लॉस एंजलिसला ग्रेट्झ्की पत्रकारांसमोर आला तो नव्या रंगात, काळा आणि चंदेरी.

आता काळा-चंदेरी म्हणजे कोण? रेडर्स. फुटबॉलची टीम, १९८२ मधे ओकलंडहून लॉस एंजलिसला आलेली, नाठाळ पोरांची म्हणून बदनाम, हेल्मेटवर डोळ्याला पट्टी बांधलेला समुद्री चाचा. गल्लीतल्या पोरांना हा रंग आधीच प्यारा होता. किंग्जनी तोच रंग घेतला आणि आयतेच त्या ओळीत जाऊन उभे राहिले. कॉम्प्टनच्या एनडब्ल्यूए ह्या रॅप ग्रुपचे फोटो बघा, त्यांच्यातल्या ईझी-ईच्या डोक्यावर एकदा रेडर्सची टोपी, एकदा किंग्जची. लोकांना वाटतं ती हॉकीप्रेमाने घातलीये. रंग जुळतो, अक्षरं रुबाबदार आहेत, आणि वर शहराचं नाव आहे, बास.

आणि अजून एक, किंग्ज खेळायचे कुठे? इंगलवुडच्या फोरममधे. इंगलवुड म्हणजे काही श्रीमंतांचं मलिबू नाही, कॉम्प्टनपासून गाडीने जाण्यासारखं, आजूबाजूला कृष्णवर्णीय वस्ती. म्हणजे हॉकी बघायला बाहेरून गोरे लोक यायचे आणि मॅच संपली की निघून जायचे, पण त्या स्टेडियमच्या दारातली वस्ती ह्यांची. टीमचं चिन्ह रोज डोळ्यांसमोर, तिकीट काढून आत जायचं कारण नाही. ह्या एका गोष्टीवर कोणी नीट लिहिलेलं मी वाचलं नाहीये आणि मला तीच सगळ्यात इंटरेस्टिंग वाटते.

रेडर्स आणि एनडब्ल्यूएच्या नात्यावर त्याच ग्रुपमधल्या आइस क्यूबने स्वतः २०१० मधे ईएसपीएनसाठी डॉक्युमेंटरी केलीये, मिळाली तर बघा.

कॅसेटवाला
जबरदस्त! पण मग गँगच्या रंगांचं काय? लाल म्हणजे ब्लड्स, निळा म्हणजे क्रिप्स, असल्या ठिकाणी टीमचे कपडे घालणं म्हणजे जिवाशी खेळ ना?

चिंचपोकळी_फास्ट
होताच. टोपीवरच्या अक्षरांचे वेगळेच अर्थ लावले जायचे. ब्रिटिश नाईट्स बुटांवरची बीके अक्षरं म्हणजे ब्लड्सना मारणारा, इथपर्यंत प्रकरण गेलेलं. बऱ्याच शाळांनी टीमच्या टोप्या आणि जॅकेटांवर बंदीच घातली, रेडर्स आणि किंग्जचं नाव त्यात हमखास. आणि नुसती गँगची भानगड नाही, स्टार्टर कंपनीची ती सॅटिनची जॅकेटं होती ना, न्यू हेवनची कंपनी, १९७१ पासूनची, ती जॅकेटं आणि जॉर्डनचे बूट ह्यासाठी पोरांना लुटत होते, खून पडत होते. १९९० मधे स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडने त्यावर कव्हर स्टोरी केली होती.

माझं मत असं की लांबच्या हॉकी टीमची जर्सी ह्यात सोयीची पडत असणार. पेंग्विन्स काळ्या-सोनेरी. तो रंग ब्लड्सचाही नाही आणि क्रिप्सचाही नाही. सॅन होजे शार्क्सचा तर हिरवट निळा. भांडायला कारणच नाही. हा माझा तर्क आहे हां, कोणा रॅपरने असं सांगितलंय असं म्हणत नाहीये.

खवट_खोबरं
तर्क छान आहे पण लंगडा आहे. डेट्रॉइट रेड विंग्जची जर्सी लालभडक, आणि रॅपर टुपाकचे तिच्यातले फोटो आहेत. रंग टाळायचा होता तर लाल कशाला घालेल?

चिंचपोकळी_फास्ट
टुपाक हा टुपाक होता. तो काय टाळायचा?

हिमगंगा
शार्क्सवरून आठवलं. सॅन होजे शार्क्स १९९१ मधे सुरू झाली. दुसऱ्या सीझनला त्यांनी ८४ पैकी ७१ मॅच हरल्या, आजतागायत एनएचएलमधे एका सीझनला तेवढ्या कोणी हरलेलं नाही. आणि त्याच काळात त्यांचे कपडे मात्र लीगमधे सगळ्यात जास्त खपणाऱ्यांत! काठी चावून तोडणारा शार्क, तो रंग, लोकांना तेवढं पुरलं. १९९३ ला डिस्नेने अनाहाइममधे मायटी डक्स काढली, पिक्चरवरून टीमचं नाव, जांभळा आणि हिरवा रंग, बदकाचा मुखवटा. फ्लोरिडात दोन टीम, डॅलसला एक. म्हणजे लीग स्वतःच बर्फ नसलेल्या गावांत जाऊन दुकानं मांडत होती, आणि १९९३ मधे गॅरी बेटमन नावाचा जो नवा कमिशनर आणला तो आला होता बास्केटबॉलच्या लीगमधून. जर्सी विकायची कशी हे त्याने तिथे जवळून पाहिलेलं.

आमच्याकडे कॅनडात मात्र ह्याचा राग राग करणारे खूप. विनिपेग आणि क्वेबेकच्या टीम ह्याच दशकात अमेरिकेत गेल्या. इथल्या लोकांच्या दृष्टीने जर्सी म्हणजे गावाची अब्रू, आणि तिकडे ती मॉलमधे रंग बघून घेतात.

खवट_खोबरं
अहो पण मूळ विसंगती बाजूलाच राहिली. हॉकी हा गोऱ्यांचा खेळ. सगळ्यात कमी कृष्णवर्णीय खेळाडू ह्याच लीगमधे. मग ज्या खेळात आपला माणूस नाही त्याचे कपडे घालून मिरवायचं कशाला? की टोमणा होता?

हिमगंगा
आपला माणूस अगदीच नाही असं नाही हो. विली ओ'री १९५८ च्या जानेवारीत बोस्टन ब्रुइन्सकडून खेळला, एनएचएलमधला पहिला कृष्णवर्णीय, आणि एका डोळ्याने जवळपास दिसत नसताना खेळला, ते त्याने लपवून ठेवलेलं. ग्रेट्झ्कीच्या एडमंटनचा गोलकीपर ग्रँट फ्यूर, पाच कप. आणि त्याच्याही खूप आधी, १८९५ पासून नोव्हा स्कोशियात कृष्णवर्णीयांची स्वतःची हॉकी लीग होती, एनएचएल जन्मायच्या बावीस वर्षं आधी. पण तुमचा मुद्दा खरा आहे, नव्वदीत अमेरिकन टीव्हीवर बघणाऱ्या पोराला ह्यातलं काहीच दिसत नव्हतं.

न्यूजर्सीकर
टोमणा वगैरे जास्त होतंय. पोलोचे कपडे बघा. राल्फ लॉरेनने घोडे, बोटी, स्कीइंग असल्या श्रीमंत गोऱ्यांच्या छंदांवर कपडे काढले आणि ब्रुकलिनच्या पोरांनी ते उचलून, काही वेळा दुकानातून खरंच उचलून, आपले केले. टॉमी हिलफिगरचं तेच, १९९४ च्या मार्चमधे स्नूप सॅटर्डे नाइट लाइव्ह ह्या टीव्ही शोवर टॉमीचा शर्ट घालून आला आणि दुसऱ्या दिवशी दुकानात रांगा. जे आपल्यासाठी बनवलेलं नाही ते आपण घातलं की जास्त शोभतं, ही त्या काळची रीतच होती. हॉकीची जर्सी त्यातच बसते.

डबल_एलपी
सगळे टीमच्या जर्स्यांवर बोलताय पण माझ्या मते खरा किस्सा टीमच्या जर्सीचा नाहीच. फुबू ह्या कपड्यांच्या ब्रँडचा आहे. तो आला नाही तर धागा अर्धवट.

क्वीन्समधल्या हॉलिसचा डेमंड जॉन. १९९२ च्या आसपास आईच्या घरात टोप्या शिवून रस्त्यावर विकायला लागला, मग बालपणीचे तीन दोस्त बरोबर घेतले. पोटासाठी रेड लॉब्स्टर हॉटेलात वेटरगिरी, उरलेल्या वेळात शिवणकाम. जाहिरातीला पैसा नाही. तर ह्यांनी काय केलं, साधारण दहा हॉकीच्या जर्स्या घेतल्या, त्यावर फुबूचा लोगो शिवला आणि कुठे रॅप व्हिडिओचं शूटिंग आहे कळलं की तिथे जाऊन उभे राहायचे. घाल म्हणायचे, फुकट. शूटिंग झालं की काढून परत घ्यायची, कारण दुसऱ्यासाठी तीच लागणार. दोन वर्षं हा उद्योग. दहा जर्स्या, आणि तीसेक व्हिडिओंमधे झळकल्या. बघणाऱ्याला वाटलं केवढी मोठी कंपनी आहे ही, सगळे हेच घालतायत! आणि माल म्हणाल तर एका गाठोड्यात मावेल एवढा.

मग गल्लीतलाच एलएल कूल जे, त्याच्या मागे लागून लागून त्याला टीशर्ट घालून फोटोला उभं केलं. १९९४ मधे लास व्हेगासच्या कपड्यांच्या प्रदर्शनात स्टॉल लावायला पैसे नाहीत म्हणून हॉटेलच्या खोलीत माल मांडला आणि तीन लाख डॉलरच्या ऑर्डरी घेऊन आले. त्या पुऱ्या करायला आईने घर गहाण टाकलं, एक लाख डॉलर, आणि अर्ध्या घरात शिलाई मशीन. १९९८ पर्यंत वर्षाला ३५ कोटी डॉलरच्या वर विक्री. १९९७ चं गॅपच्या जाहिरातीचं तर माहीतच असेल, एलएलने गॅपच्या जाहिरातीत फुबूची टोपी घातली आणि रॅप करता करता फुबूचं घोषवाक्य पण घुसवलं, गॅपवाल्यांच्या लक्षात येईपर्यंत जाहिरात दाखवून झाली होती.

ओव्हरलॉक
अरे वा, हे मला माहीत नव्हतं आणि ह्यात माझ्या धंद्याचं उत्तर दडलंय बघा! दहा कपड्यांत तीस जण कसे भागवले? टीशर्ट असते तर साइझचा घोळ झाला असता, हा एक्सएल, तो मीडियम, तिसरा ढेरपोट्या. जीन्स तर विचारूच नका. हॉकीची जर्सी मुळातच पॅडवरून घालायची, म्हणून एकच नग सुकड्यालाही होतो आणि दणकट माणसालाही होतो, आणि दोघांनाही ती मुद्दाम तशी घातल्यासारखीच दिसते. परत काढायला सोपी, डोक्यावरून ओढली की झालं. न चुरगळणारं पॉलिएस्टर, इस्त्री नको, एका शूटिंगवरून दुसरीकडे पिशवीत कोंबून न्या. पुढे लोगो लावायला परातीएवढी जागा. भांडवल नसलेल्या माणसाने जाहिरातीसाठी कपडा निवडायचा तर मी पण हाच निवडला असता. म्हणून मला वाटतं हॉकी हा खेळ ह्या सगळ्यात कुठे आलाच नाही. आला तो कपडा.

खवट_खोबरं
म्हणजे मी पहिल्या प्रतिसादात बोललो तेच. ढगळ असते म्हणून.

ओव्हरलॉक
हो बाबा, तूच ग्रेट 🙏

डबल_एलपी
ओव्हरलॉक, अगदी! आणि एकदा टीमचा लोगो काढून आपला लावता येतो कळल्यावर काय, रानच मोकळं. मॉब डीपची हेनेसीवाली जर्सी आठवते का, 'शुक वन्स पार्ट टू', १९९५? हॉकीची जर्सी, पण छातीवर टीमच्या जागी दारूचं नाव. म्युझिक कंपन्या आपल्या लेबलच्या जर्स्या शिवून वाटायच्या. वू-टँग ह्या रॅप ग्रुपने तर १९९५ मधे कपड्यांची कंपनीच काढली. म्हणजे सुरुवातीला दुसऱ्याच्या गावाची टीम, मग स्वतःचीच टीम. रॅप क्रू म्हणजे तरी काय, टीमच ना, नाव, नंबर, रंग, सगळं तसंच.

रानजाई
बायकांचा विषय कोणीच काढला नाही म्हणून मधे पडते. मेरी जे. ब्लाइज! पहिल्या अल्बमच्या वेळची, १९९२. उलटी टोपी, ढगळ हॉकी जर्सी, खाली आखूड टेनिस स्कर्ट, पायात सैनिकी बूट. त्याआधी सोल गाणाऱ्या बायका म्हणजे चमचमते गाऊन आणि उंच टाचा. ही रस्त्यावरून थेट स्टुडिओत आल्यासारखी, आणि आवाज मात्र चर्चमधला. मला विचाराल तर ती जर्सी स्नूपपेक्षा तिला जास्त शोभली. टीएलसी पण त्याच साली ढगळ कपड्यांत आल्या. माझ्या मावशीला ते फोटो दाखवले तर म्हणाली ह्यांना घरचे काही बोलत नाहीत का 😂 पण अंग दाखवायचं नाही आणि तरी दहा जणांत नजर आपल्यावरच, हे त्या कपड्याने केलं.

कॅसेटवाला
रानजाई, क्या बात! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आपल्याकडे हे कधी दिसलं म्हणाल तर स्टारवरचा एमटीव्ही, १९९१ ते ९४. मग एमटीव्ही गेला आणि चॅनल व्ही आला. तेवढ्या खिडकीतून जे दिसलं ते दिसलं. आमच्या डोंबिवलीत एका मित्राचा मामा अमेरिकेहून डक्सची जर्सी घेऊन आला होता, मे महिन्यात लोकलमधे ती घालून निघाला गडी, कुर्ल्यापर्यंत वितळला. ओव्हरलॉक म्हणतायत ती हवा खेळती वगैरे ठीक आहे पण मध्य रेल्वेला ते लागू नाही.

टिचकीबहाद्दर
😂😂 मग ही फॅशन गेली कधी? आता तर परत दिसतायत सगळीकडे, इन्स्टावरच्या थ्रिफ्टवाल्यांकडे काय काय भाव लावलेत.

न्यूजर्सीकर
ढगळ हॉकी जर्सी हळूहळू मागे पडली आणि जुन्या काळच्या जर्स्यांची लाट आली. फिलाडेल्फियाची मिचेल अँड नेस, १९०४ पासूनची कंपनी, निवृत्त खेळाडूंच्या जर्स्या हुबेहूब शिवून द्यायची, गिऱ्हाईक कोण तर पोटं सुटलेले हळवे काका. १९९८ च्या सुमारास आउटकास्टने त्या घातल्या आणि मग प्रत्येक रॅपरला त्याच हव्या, पण त्यात बेसबॉल आणि बास्केटबॉलच जास्त. २००३ मधे जे-झीने गाण्यातच सांगून टाकलं की तिशी उलटलेल्या माणसाने जर्सी घालू नये, बटणांचा शर्ट घालावा. एका ओळीत धंदा बसवला त्याने. २००५ ला एनबीएने खेळाडूंना ड्रेस कोड लावला, मॅचला येताजाताना जर्स्या, ढगळ कपडे बंद. स्टार्टरचं त्याआधीच, १९९९ मधे दिवाळं वाजलेलं.

हिमगंगा
आणि लीगला हे सगळं कळायला किती उशीर लागला बघा. नव्वदीत लोक आपली जर्सी घालून जगभर टीव्हीवर दिसतायत तर लीगने त्यांच्याकडे सरळ कानाडोळा केला. त्याच काळात टीव्हीवर चकती (ह्या हॉकीत चेंडूऐवजी असते ती) दिसत नाही अशी तक्रार म्हणून फॉक्सने १९९६ मधे चमकणारी चकती आणली, निळा उजेड आणि मागे लाल शेपूट, लोक हसले, दोनेक वर्षांत बंद. प्रेक्षक आणायला केवढा खटाटोप, आणि आयता चालत आलेला प्रेक्षक दारात उभा.

आता मात्र २०१९ मधे किंग्ज विरुद्ध पेंग्विन्स मॅचला स्नूप चक्क कॉमेंट्री बॉक्समधे! मी पूर्ण क्लिप बघितली, माणूस धमाल करतो. त्याच वर्षीच्या हॉकीच्या व्हिडिओ गेममधे पण त्याचा आवाज. २०२३ मधे ओटावा सेनेटर्स विकायला निघाली तेव्हा विकत घेऊ बघणाऱ्या एका गटात तो होता. मिळाली नाही, टीम ९५ कोटी डॉलरला मायकेल अँडलॉअरकडे गेली. पण इथल्या बातम्यांत दोन आठवडे दुसरा विषय नव्हता.

खवट_खोबरं
स्नूप मालक झाला असता तर पहिल्यांदा जर्सी बदलली असती.

चिंचपोकळी_फास्ट
ओटावाची जर्सी लाल-काळी-पांढरी. लाँग बीचचा क्रिप आणि लाल जर्सी? मालक व्हायला गेला होता की रंग बदलायलाच?

न्यूजर्सीकर
ते असो. रेंजर्सची ९४ ची मेसिए, साइझ ५२, कोणाकडे जास्तीची असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. डेव्हिल्सवाला असून मागतोय, हसू नका, बायकोला हवीये.